मलमलची पिशवी

॥ श्री ॥
मांडवी, रत्नागिरी
२ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. दमयंती हिस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा संक्रांतीचा तिळगूळ पोचला. अर्धा मुंग्यांनी खाल्ला, उरलेला जनीने. उलटटपाली दोन ओळी टाकायला हव्या होत्या, पण हात धजत नव्हता.

तुझ्या वहिनीला दिवाळीपासून खोकला आहे. आता तर विहिरीवरून एक कळशी आणली तरी राही उंबऱ्यावर बसून राहते. सिव्हिलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंका तपासला. क्षय दिसत नाही म्हणाले; लाकडाच्या भुशाने छाती धरली आहे, एक तर भुसा घराबाहेर काढा, नाहीतर बाईंना काढा. पुढच्या खोलीत रंध्याचं मशीन बसवल्यापासून भुसा वाढला हे खरं, आणि घासकाम सगळं राहीच करते हेही खरं. पण तीस वर्षं भुसा मीही खातो आहे, मला काही झालं नाही.

तुला म्हणून लिहितो, आईचं असंच सुरू झालं होतं. आधी खोकला, मग धाप. घरात सात वर्षांची पोर आहे. पाडव्यापर्यंत वाट पाहतो. तोवर खोकला थांबला नाही तर राहीला नाट्याला तिच्या माहेरी पोचवीन. तिच्या भावाचं घरामागे वेगळं खोपटं आहे.

डॉक्टरांचंही ऐकून पाहायचं म्हणून भुसा ओढायचं यंत्र घ्यावं म्हणतो. काशीरामराव कारखान्याच्या लाकूडखात्यात आहेत, त्यांना यातलं कळतं. कोणतं घ्यावं ते विचारून कळव. मात्र यंत्र सगळंच गिळणार असेल तर सांध्यांत भरायला पिठी कुठून आणायची, हेही विचार. राही मलमलीतून भुसा चाळून पिठी काढते ती मैद्यासारखी असते. सरसात कालवून भरली की सांधा कुठे आहे तो शोधावा लागतो.

पोराबाळांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा दादा,
भागोजी


॥ श्री ॥
ठाणे
११ फेब्रुवारी १९८६

ती. दादास,
दमयंतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा राग आला, आणि मग हे कामावरून येईपर्यंत पत्र डब्याखाली दडवून ठेवलं. डॉक्टर एवढे शिकले, फोटो काढला, थुंका बघितला, आणि क्षय आहे हे कोणाला कळलं, तर भागोजी मेस्त्रींना! वहिनीला नाट्याला पोचवण्याची भाषा पुन्हा काढलीस तर मी इथून एसटीने येऊन ओटीवर ठाण मांडीन आणि तुझ्या हातचं जेवीन. मग बघ कोण कोणाला पोचवतं.

आता यंत्राचं. यांचं म्हणणं असं. मोठ्या यंत्राला आधी एक नरसाळं असतं, त्यात जाड भुसा पडतो आणि बारीक पुढे पिशवीत जातो. ते उत्तम, पण त्याला तीन फेजची वीज लागते, आणि तुमच्याकडे संध्याकाळी दिवासुद्धा डोळे मिचकावतो. तेव्हा एक हॉर्सपॉवरचं लहान घ्यावं. एक पंखा, एक पिशवी, चार इंची पाइप. नुसता हवा बाहेर टाकायचा पंखा घेऊ नको. तो सकाळी मतलई वाऱ्यावर भुसा समुद्राकडे नेईल आणि दुपारी खारा वारा तोच भुसा स्वयंपाकघरात आणून देईल.

दोन गोष्टी यांनी मला परत परत बजावल्या. एक, यंत्र भिंतीबाहेर ठेवायचं, आत फक्त पाइप. दोन, पिशवी घोंगडीसारख्या जाड कापडाची येते, ती रोज संध्याकाळी बाहेर नेऊन झटकायची. आळस केला तर ती कोंदते आणि यंत्र ओढेनासं होतं. पिठी पिशवीतून हवी तेवढी काढून घे म्हणावं.

यंत्र हे स्वतः बघून ट्रान्सपोर्टने पाठवतील. वहिनीला माझा नमस्कार, आणि तिला दटावू नको.
राग आहे, लोभही आहे. दोन्ही पोचते कर.
तुझी,
दमू


॥ श्री ॥
मांडवी
६ मार्च १९८६

चि. सौ. दमयंती हिस,
अनेक आशीर्वाद.

यंत्र सुखरूप आलं. काशीरामरावांनी फळ्या मारून असं बांधलं होतं की सोडायलाच अर्धा दिवस गेला. त्यांना माझा नमस्कार सांग.

ते बाहेर मात्र ठेवलं नाही. ठाण्यात बसून बाहेर ठेवा म्हणणं सोपं आहे. इथल्या खाऱ्या हवेत सायकलची साखळी दोन पावसाळे टिकत नाही, मग मोटारीचं काय होणार? आतच कोपऱ्यात बसवलं आहे. पहिला आठवडा काम चांगलं झालं, मग ओढ कमी झाली. ती घोंगडीची पिशवी फुगून बसायची, हवा बाहेर जाईना. शेवटी ती काढून ठेवली आणि जुन्या मलमलच्या धोतराची दुहेरी पिशवी शिवली. आता काय ओढतं म्हणून सांगू! ढलपीसुद्धा उचलतं. जमीन अशी स्वच्छ की पान न मांडता जेवावं. शेजारच्या सईदाचा नवरा नासिर बघायला आला होता, तोही म्हणाला की मेस्त्री, हा कारखाना की दवाखाना. राहीला घासकामाला यंत्राच्या शेजारीच बसवतो, म्हणजे तिच्या हातचा भुसा लगेच ओढला जाईल.

पण दमू, खोकला कमी नाही. उलट वाढला आहे. बोलता बोलता थांबते. आता तूच सांग. भुसा होता तोवर डॉक्टरांचं ऐकलं. आता घरात भुसा शोधून सापडत नाही, मग खोकला कशाचा? पहिल्यापासून मला जी भीती होती तेच हे. डॉक्टरांना एका थुंक्यात काय दिसणार? राहीच्या भावाला नाट्याला पत्र टाकलं आहे. पाडवा झाला की पोचवतो. तू रागावशील, पण जनीकडे बघितलं की मला दुसरं काही सुचत नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.
तुझा दादा,
भागोजी


॥ श्री ॥
मांडवी
१५ मार्च १९८६

सौ. वन्संना,
राहीचा नमस्कार वि. वि.

माझं अक्षर चौथीतलं आहे, सांभाळून घ्या. हे पत्र सईदाच्या हातून पेटीत टाकते आहे. तुम्हाला लिहिल्याचं यांना कळू देऊ नका.

माझं ताट, पेला वेगळा काढला आहे. रात्री पडवीत झोपते. त्याचं मला काही नाही, पडवीत वारा चांगला लागतो. जनीला मात्र माझ्याजवळ यायची बंदी आहे. काल ती दारात उभी राहून वेणी घालून मागत होती. मी नको म्हटलं तर मला शेंबडी म्हणाली आणि गेली. सईदाने घातली वेणी. मी आत जाऊन पुष्कळ रडले, आणि रडले की खोकला येतो, म्हणून रडायचीही चोरी.

हे वाईट नाहीत हो. भीतीने असे झाले आहेत. मी खोकले की यांच्या हातातली पटाशी थांबते. सासूबाईंना मागच्या खोपीत ठेवलं होतं ते एकदा सांगितलं होतं, पुन्हा कधी विषय काढला नाही. माहेरी गेले तर मी परत येणार नाही, हे यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

एकच विचारते. यंत्र आलं तेव्हा पहिले आठ दिवस मला खरंच बरं वाटलं होतं. रविवारी काम बंद असलं की अजूनही वाटतं. मग यंत्र चालू असताना जास्त का होतं? काशीरामभावोजींना विचारता का? माझी समजूत चुकीची असेल, पण विचारून बघा.

माया असू द्या, माझ्या वाटची जनीवरही असू द्या.
तुमची,
राही


॥ श्री ॥
ठाणे
२२ मार्च १९८६

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझी समजूत चुकीची नाही. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ऐकून हे ताडकन उठले आणि पहिला प्रश्न विचारला, पिशवी कसली आहे? मी दादाचं पत्र काढून मलमलचं वाचलं, तर यांनी कपाळावर हात मारला. मला म्हणाले की हे त्यांना लिहून पटायचं नाही, डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

तेव्हा असं कर. तुमच्या पुढच्या खोलीच्या छपरात काचेचं कौल आहे, त्यातून दुपारी उन्हाचा कवडसा पडतो. बाराच्या सुमारास दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, यंत्र चालू करायचं, थोडं रंधकाम करायचं आणि त्या कवडशात बघायचं. तू नाकाला फडकं बांध आणि दारापाशीच उभी राहा. पण दादा हवाच. त्याला बघायला लाव. तू लिहिलंस म्हणून चिडला तर सांग, दमूने धमकावून लिहून घेतलं. माझ्या नावावर काय वाटेल ते खपतं.

माहेरी जायचं नाही. कपड्यांची पिशवी भरलीस असं कळलं तर मी येऊन उपसून ठेवीन.
तुझ्या लोभातली,
दमयंती


॥ श्री ॥
मांडवी
१ एप्रिल १९८६

सौ. वन्संना,
राहीचा नमस्कार वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. तुमचं पत्र सरळ यांच्या पुढ्यात ठेवलं, म्हटलं काय व्हायचं ते होवो. वाचून चिडले नाहीत. काशीरामरावांना एवढी हौस असेल तर बघू म्हणाले आणि स्वतःच दारं लावली.

आधी यंत्र बंद होतं तेव्हा कवडसा साधा होता. मग यंत्र सुरू केलं, फणसाची एक फळी रंध्यावर घातली. वन्सं, बघता बघता तो कवडसा भरला. पिशवीच्या अंगातून धूर निघावा तसं निघत होतं, वर चढत होतं आणि सगळीकडे पसरत होतं. खाली जमीन स्वच्छ. हे त्या उजेडात हात घालून उभे राहिले. हातावर बसलं ते बोटाने चोळून बघत होते.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, अहो, ही तर पिठी. पिठी चाळायचं फडकं तेच आणि पिशवीचं कापडही तेच. लग्न झाल्यापासून त्या मलमलीतून मी पिठी खाली पाडते, तर ती पिशवीत राहील कशी? आम्हा दोघांना हे रोज हाताने ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. जाड भुसा काय, खाली पडला असता. मला त्रास देणारं तेवढं आम्ही गाळून हवेत सोडत होतो, आणि मी त्याच्या शेजारी बसत होते.

यांनी यंत्र बंद केलं आणि चप्पल न घालता समुद्राकडे गेले. जेवायला आले नाहीत. या गोष्टीला आज दोन दिवस झाले. माझी नाट्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे, ती ना उचलत, ना रिकामी करायला सांगत. भाऊ पाडव्याला न्यायला येणार आहे. मला फार भीती वाटते.

तुमची माया पाठीशी आहे म्हणून एवढं लिहिलं.
राही


॥ श्री ॥
मांडवी
१२ एप्रिल १९८६

चि. सौ. दमयंती हिस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला राहीचा भाऊ आला होता. त्याला पुरणपोळी खाऊ घालून एकट्याला परत पाठवला.

यंत्र भिंतीबाहेर गेलं. वर पत्र्याची छपरी केली, घोंगडीची पिशवी पुन्हा चढवली, रोज संध्याकाळी मी स्वतः झटकतो, तोंडाला फडकं बांधून. मोटार गंजेल तेव्हा गंजेल. घासकाम आता मी करतो, तेही अंगणात. राहीला सिव्हिलमध्ये परत नेलं. तीन दिवस तीन वेळा थुंका तपासला, तिन्ही वेळा काही नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचं जे गेलं ते भरून यायचं नाही, पण भुशापासून लांब राहिली तर आणखी जाणार नाही. खोकला आताच निम्मा आहे. जनी तिच्या कुशीत झोपते, आणि दिवसातून चारदा वेणी घालून घेते.

आता दुसरं. हे कोणाशी बोलता येत नाही, म्हणून तुला. त्या दिवशी कवडशात हात घातला तेव्हा राहीच्या आधी मला आई दिसली. आई पिठी चाळायची ती राहीपेक्षा बारीक. बाबा चारचौघांत दाखवायचे. तिची खोकल्याची उबळ सुरू झाली आणि बाबा म्हणाले क्षय आहे, आपण मानलं. मागच्या खोपीत दीड वर्ष होती. तुला मावशीकडे पाठवलं. पाण्याचा तांब्या मी नेऊन ठेवायचो. हाताने नाही. उंबऱ्यावर ठेवायचो आणि काठीने आत ढकलायचो. ती म्हणायची, सांडेल रे, जरा जवळ ये. मी जायचो नाही. शेवटच्या दिवशीही काठीच होती.

तू मावशीकडे होतीस. मोठ्यांचं बोलणं तुझ्या कानावर आलं असेल. आईला डॉक्टरांकडे कोणी नेलं होतं काय? तिचा थुंका कोणी कधी तपासला होता काय? असेल ते खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

तुझा दादा,
भागोजी


॥ श्री ॥
ठाणे
२० एप्रिल १९८६

ती. दादास,
दमूचा शि. सा. न. वि. वि.

खरं लिही म्हणालास म्हणून परवा लालबागला मावशीकडे जाऊन आले. नाही दादा. कोणी नेलं नव्हतं, कोणी तपासलं नव्हतं. एक वैद्य आला होता, तो दारातूनच बघून गेला. क्षय हा शब्द बाबांचा, आणि बाबांनी तो शेजाऱ्यांकडून घेतलेला. असेलही, नसेलही. आता कोणाला कळणार नाही.

मला तुझी समजूत घालता येत नाही. तू तेरा वर्षांचा होतास, एवढंच मला म्हणता येतं. मी नऊ वर्षांची होते, आणि मला मावशीकडे मजा वाटत होती. तिथे रोज मासे असायचे. आईची आठवण काढून मी एकदाही परत जाते म्हणाले नाही, हे मी आजवर यांनाही सांगितलेलं नाही.

मावशीने एक सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते. ती आईला शेवटची भेटायला आली होती, खोपीच्या बाहेरून. तेव्हा आईने तिला सांगितलं, घरातली मोठी माणसं चार-चार दिवस इकडे फिरकत नाहीत. भागोजी मात्र रोज येतो. भ्यालेला असतो, लांब उभा राहतो, काठीने ढकलतो, पण पाणी एक दिवस चुकवत नाही. त्याला कोणी रागावू नका.

तुला रागावणारं आता कोणी उरलेलं नाही, एक मी सोडून. आणि मी रागावणार नाही.

तुझी,
दमू