काडेपेटीतल्या काती

४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी काडेपेटी पोचली. कापसात गुंडाळलेली एकही कात मोडलेली नाही. बसचं चाक फिरवणाऱ्या हातांना हे जमलं असेल यावर माझा विश्वास नाही. वहिनीनेच गुंडाळल्या असतील, खरं सांग.

या पोकळ सालींत एवढं काय आहे, असं तू विचारलंस. स्टोनफ्लाय हा किडा सगळं लहानपण ओढ्यातल्या दगडांखाली काढतो. पंख फुटायच्या वेळी दगडावर चढतो, कात टाकतो आणि उडून जातो. मागे राहिलेल्या कातीवरून त्याची जात कळते. तू पाठवलेल्या काती भिंगाखाली धरल्या आणि लगेच वही ओढली. डोक्यावर फिकट कमान, मागे शेपटीचे दोन धागे. पाणीखात्यासाठी सर आणि मी ओढ्यांचा जो नकाशा करतोय, त्यात ही जात मोजक्याच ओढ्यांत आहे. तिला गार, स्वच्छ, खळाळतं पाणीच लागतं.

जिथे ही जात सापडेल तो ओढा उघडा राहील, बाकीचे बंद नळात घालणार, असं खात्याने ठरवलं आहे. आपल्या घरामागचा ओढा नळात गेला तर अप्पांच्या रोपवाटिकेला पाणी कुठून आणायचं? मागे मी तिथे दगडन् दगड उलटला, काही मिळालं नाही, म्हणून तर तुला कामाला लावलं. आज नकाशावर आपल्या घरामागे लाल ठिपका दिला. सरांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला.

घरी जपून राहा. लोभ आहेच, तो या काडेपेटीएवढा आणखी वाढव.

तुझी,
किडेबाई

९ एप्रिल

चि. किडेबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं की आमच्या पदवीधर बाईंनी ओढा वाचवला. तुझी वहिनी म्हणते, गुंडाळणारीचं नावही नकाशावर यायला हवं.

एक गंमत सांगतो. घरामागे मी चार-पाच सकाळी पाण्यात उभा राहिलो, पायांची बोटं बधिर झाली, पण एक साल दिसेल तर शपथ. मग एकदा वरच्या शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली, तर तिथल्या ओढ्यात दगडादगडावर तुझ्या काती! तिथल्याच उचलल्या. तेच पाणी खाली आपल्याकडे येतं, तेव्हा फरक काय पडतो? निदान माझे पाय तरी वाचले.

खाणंपिणं वेळेवर करत जा. आमची आठवण ठेवावी, एवढंच मागणं.

तुझा,
दादा

१६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्यावर रागावलेली नाही. कात कुठून उचलायची हे मीच नीट सांगायला हवं होतं.

पण दादा, पाणी तेच राहत नाही रे. वर ते सावलीत असतं, गार असतं. खाली येताना तुमच्या बसडेपोच्या मागून वळतं आणि धुतलेल्या गाड्यांचा साबण, तेल, सगळं पोटात घेतं. आपल्या घरामागे किडा का नाही, हे मला आता कळलं.

काही दिवस मी गप्प बसले. कुणाला कळलंही नसतं. पण याच नकाशात दुसऱ्या कुणाच्या तरी अप्पांचा ओढा खऱ्या ठिपक्याच्या जोरावर उभा आहे. माझा एक ठिपका खोटा निघाला, तर त्यांच्या ठिपक्यावर कोण विश्वास ठेवेल? आज सरांना सगळं सांगितलं आणि ठिपका पुसला.

 सर म्हणाले की पाणी सुधारलं तर वरचे किडे खाली पसरू शकतात, तेव्हा पुन्हा पाहणी मागून बघू. नकाशा पक्का करायला खात्याने एक वर्ष दिलं आहे, त्यापुढे एक दिवसही नाही.

अप्पांना सांगायचा धीर मला होत नाही. तू सांगशील? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
किडेबाई

२९ एप्रिल

चि. किडेबाईस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. एका ठिपक्याने कुणाचं काय बिघडणार होतं, असं रोज गाडी चालवताना तुझ्याशी भांडत होतो. रोज तूच जिंकायचीस.

शेवटी अप्पांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग आपल्याकडे किडा का नाही? मी म्हणालो, साबणामुळे. त्यांनी विचारलं, गाड्या कोण धुतं? वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. धुणाऱ्यांत मीही आहेच.

आता मी माझी गाडी डेपोच्या पलीकडे, खडीवर धुतो. पाणी तिथेच मुरतं. बाकीचे ड्रायव्हर मला किडेभाऊजी म्हणतात, पण त्यातले दोघं परवापासून आपल्या गाड्याही तिकडेच धुवायला लागले. धुण्याच्या पाण्याची नाली ओढ्यापासून वळवा म्हणून डेपोच्या साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, किड्यांसाठी नाली वळवू? मी उठून आलो. सोमवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी अप्पा बरोबर येतो म्हणालेत, आणि ते असे लवकर उठून येणारे नाहीत.

एक विचारायचं आहे. वरच्या थांब्यापासून आपल्या घरापर्यंत बसला पाऊण तास लागतो. तुझ्या किड्याला किती लागेल? वर्षाच्या आत पोचेल का? गाडीत बसवून आणायला मी तयार आहे, तिकीटही मागणार नाही, पण तू ओरडशील. तेव्हा त्याचा तो येऊ दे. आम्ही पाणी तयार ठेवतो.

तुझा,
दादा