गवतमास्तरांचा भाऊ

बेटावरून, खोली क्रमांक अकरा
२० मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वरचा पत्ता वाचून चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस. मी तुझ्याच बेटावर आहे. आज चौथा दिवस. तुझ्या क्वार्टरपासून पायी वीस मिनिटांवर राहतोय, आणि उठून दार वाजवायचं सोडून तुला पत्र लिहीत बसलोय. यावरून तुला जे कळायचं ते कळलंच असेल. तरीही सगळं लिहितो.

आधी घरचं. हिचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना माझ्या नावाने कण्हते इतकंच. पोरीची दुसऱ्या शहरात बदली झाली. फोनवर पहिला प्रश्न असतो, "मोठेकाकांचं काही पत्र?" मी काहीतरी सांगतो. माझी साखर काबूत आहे. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चाल म्हणून सांगितलं, आणि नुसतं चालायचा कंटाळा म्हणून मी गोल्फ शिकलो, हे तुला मी कळवलेलं नाही. का कळवलं नाही ते पुढे येईलच. दोन वर्षं झाली. आमच्या शहरातल्या सरावाच्या मैदानावर माझी बरी वट आहे, म्हणजे माझ्याहून वाईट खेळणारे दोघे आहेत.

घरी सांगितलं, बेटावर तीन सार्वजनिक कोर्स आहेत, कुणीही जावं, खिडकीवर नाव लिहावं आणि खेळावं, तर चार दिवस जाऊन येतो. हिने बॅग भरून दिली. "खेळायला चाललाय ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

दादा, मला वाटायचं गवत म्हणजे गवत. देवाने उगवायचं आणि माणसाने कापायचं. पहिल्या दिवशी टेकडीवरच्या कोर्सवर गेलो आणि पहिल्याच ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बूट घालून पाऊल टाकायची लाज वाटली. गालिचा म्हणावं तर गालिच्याला धूळ असते. दुसऱ्या दिवशी झाडीतला कोर्स. तिथे सावलीतलं गवत वेगळं आणि उन्हातलं वेगळं, पण दोन्हींवरून बॉल सारखाच घरंगळतो. हे कसं काय, म्हणून मी खिडकीवरच्या स्टार्टरला विचारलं. नावं लिहून घेऊन वेळेवर माणसं सोडणारा तो लांबुडका गृहस्थ, तुझा मित्रच दिसतो. तो म्हणाला, "ते गवतमास्तरांना विचारा. आम्ही फक्त घड्याळ बघतो."

गवतमास्तर! इथे तुला हे नाव आहे, हे मला परवा कळलं. तीस वर्षांत तू एका ओळीनेसुद्धा लिहिलं नाहीस.

मग स्टार्टरनेच सांगितलं. ग्रीनवर आज उत्तर-दक्षिण यंत्र फिरवलं तर उद्या पूर्व-पश्चिम, नाहीतर गवताला एकीकडे झुकायची सवय लागते. समुद्राकाठच्या कोर्सवर जोराचं वारं सुटलं की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पानांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचं. हे तू हाताने करतोस, पाइप घेऊन, आणि हाताखालच्या माणसांना म्हणतोस म्हणे, "आंघोळ घालतोय, भाजीला पाणी मारत नाहीये." मी हसलो. हसताना लक्षात आलं, हा आवाज मी ओळखतो. लहानपणी माझ्या डोक्यावर तांब्या ओतताना तू असाच खेकसायचास.

काल समुद्राकाठचा कोर्स खेळलो. एकटा माणूस गेला की स्टार्टर त्याला दुसऱ्यांच्यात घालतो. मला मिळाली एक बहीणभावाची जोडी. ती दातांची डॉक्टर होती, आता निवृत्त; तो जहाजावर इंजिनिअर होता, आता पोट सांभाळतो. एकोणीस वर्षं दोघं न चुकता इथे येतात आणि पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत भांडतात. इंजिनिअरसाहेबांचा बॉल वाळूत गेला की वाऱ्याचा दोष. बाई म्हणायच्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि साहेब म्हणायचे, "अंगणाला नावं ठेवू नकोस, गवतमास्तर ऐकतील!"

चौदावं होल तुला मी काय सांगू? डावीकडे समुद्र, पुढे उंचवट्यावर ग्रीन, आणि मागे आकाशाशिवाय काही नाही. माझ्या हातून कधी नव्हे तो असा फटका बसला की बॉल उंच गेला, थेट ग्रीनवर आदळला आणि झेंड्यापासून चार पावलांवर थांबला. साहेबांनी टाळी दिली. आयुष्यातला सर्वोत्तम फटका, दादा. मी उड्या मारायचाच बाकी होतो.

आणि तेव्हाच तुझी ती छोटी गाडी चढावरून आली.

तू लांब थांबलास. आमचा खेळ अडू नये म्हणून टोपी काढून उभा राहिलास. केस पार पांढरे झालेत तुझे. बाईंनी हाक मारली, "या हो मास्तर, तुमच्यापुढे कसला खेळ?" तू आलास आणि कुणाकडे न बघता गुडघ्यांवर बसलास. माझा बॉल जिथे आदळला होता तिथे खळगा पडला होता. तो आपला आपण बुजवायचा असतो, हे मला माहीत आहे. आनंदाच्या भरात विसरलो. तू खिशातून ते दोन दातांचं हत्यार काढलंस, कडेने माती आत लोटलीस आणि तळव्याने थापटलीस. माझा खळगा, दादा. दहा पावलांवरून बघत होतो मी.

मी टोपी पुढे ओढली आणि झुडपात शिरलो. काठीने पाला बाजूला करत बॉल शोधायला लागलो. साहेब ओरडले, "अहो, तुमचा बॉल इथे ग्रीनवर आहे! तिकडे काय शोधताय?" मी म्हणालो, "दुसरा एक पडलाय बहुतेक." साठी उलटलेला माणूस झुडपात तोंड लपवून नसलेला बॉल शोधतोय! तू एकदा त्या दिशेने पाहिलंस. ओळखलंस की नाही, मला माहीत नाही. अकरा वर्षं झाली, आणि माझं वजनही वाढलंय.

तू गेल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही ओळखता का त्यांना? इतके बघत होतात."

मी म्हणालो, "नाही."

पुढच्या होलकडे चालता चालता साहेब सांगायला लागले. महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होताहेत, त्यांच्यामागे या ग्रीनचं काय होणार कोण जाणे. मी विचारलं, क्वार्टर सोडून जाणार कुठे ते? (हे विचारायला माझी जीभ रेटली, हेच नवल.) साहेब म्हणाले, "भावाकडे. भाऊ मोठा ऑफिसर होता म्हणे. मागची खोली तयार ठेवलीय त्याने. सगळ्यांना सांगत असतात, धाकटा मागेच लागलाय, ये म्हणून."

दादा, पंधरावं होल मी कसं खेळलो ते विचारू नकोस.

सोळाव्या होलवर आणखी एक झालं. बाईंचा बॉल उंच गवतात होता. त्या वाकल्या, सरळ झाल्या आणि आपणहून म्हणाल्या, "काठी लागून हलला. एक फटका दंड माझ्या नावावर." साहेब वैतागले, "कुणी बघितलं नाही गं!" त्या म्हणाल्या, "मी बघितलं ना." आणि कार्डावर आकडा लिहून मोकळ्या झाल्या. या खेळात पंच नसतो. ही दोन वर्षं मला वाटायचं, ही खेळातली त्रुटी आहे.

म्हणून आता माझ्या नावावरचं लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या बढतीच्या कार्यक्रमाला तू आलास. बोटीवरून थेट, कामाच्याच बुटांवर, बोटांच्या पेरांमध्ये हिरवा रंग. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, हे कोण? आणि मी म्हणालो, "आमच्याकडे बाग बघतात." तू माझ्या शेजारी उभा होतास. तुला ऐकू आलं होतं. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील आणि माझं नाक कापलं जाईल. तू हॉलमधल्या मोठ्या कुंडीपाशी गेलास, मातीत बोट घातलंस आणि साहेबांना म्हणालास, "पाणी जास्त होतंय झाडाला." माझं खोटं तू खरं करून दिलंस. मग न जेवता निघून गेलास, आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलं नाहीस. वर्षाला दोन पत्रं मात्र धाडलीस. तब्येत बरी आहे, पाऊस बरा आहे. मीही तसंच लिहीत राहिलो. हात गवताला लावणाऱ्या भावाची लाज वाटली आणि पुढे निवृत्त होऊन त्याच गवतावर खेळायला शिकलो, हे कोणत्या तोंडाने लिहिणार होतो?

आणि गेल्या महिन्यात तुझं ते पत्र आलं. तेरा फेब्रुवारीचं. "क्वार्टर सोडावं लागेल. तुझी मागची खोली रिकामी असेल तर एक-दोन महिने राहीन. नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस." पाच आठवडे मी मूग गिळून बसलो. तुला वाटलं असेल, धाकट्याला अडचण आहे. अडचण काही नव्हती. तू रोज समोर दिसशील आणि रोज ती संध्याकाळ आठवेल, एवढीच भीती होती.

दादा, मी इथे खेळायला आलो नव्हतो. मी नाही म्हणायला आलो होतो. पत्रात लिहवेना, तर समोर सांगू. हिंमत गोळा होईपर्यंत खेळू. असा माझा बेत. आणि त्याच वेळी तू सगळ्या बेटाला सांगत होतास की धाकटा मागेच लागलाय. माझी अब्रू तू दुसऱ्यांदा राखलीस, मी न मागता.

आज सकाळी उजाडताच चालत चौदाव्या ग्रीनकडे गेलो. तू आधीच तिथे होतास. मी खालच्या वाटेवर थांबून बघत राहिलो. झेंडा उपटून भोकाची जागा रोज बदलतात, हे मला ठाऊकच नव्हतं. तू ग्रीनवर दोनतीनदा फिरलास, एके ठिकाणी थांबलास, ते पोलादी नळीसारखं हत्यार जमिनीत घालून पिळलंस आणि गवतासकट मातीचा गोळा अखंड वर काढलास. तो घेऊन कालच्या भोकापाशी गेलास, आत बसवलास, पायाने नव्हे, हाताने दाबलास, गाल जमिनीला टेकवून पातळी बघितलीस, ओंजळभर पाणी घातलंस. तू गेल्यावर मी वर आलो. काल मी ज्यात बॉल टाकला ते भोक शोधत पंधरा मिनिटं रांगत होतो. सापडलं नाही. हाताला शिवणसुद्धा लागली नाही.

तिथेच बसून मी रडलो, दादा. लाजेने रडलो आणि अभिमानानेही. इतकं सुंदर काम करणारा माणूस माझ्या घरातला आहे, आणि मी त्याला झुडपातून बघतो!

तिथून सरळ खिडकीवर गेलो. स्टार्टरला म्हणालो, उद्या सात वाजून दहा मिनिटं, समुद्राकाठचा कोर्स, दोघं. त्याने विचारलं, "दुसरे कोण?" मी म्हणालो, "गवतमास्तर. माझा दादा आहे तो." त्याची पेन्सिल थांबली. "तुम्ही ते ऑफिसर भाऊ? मास्तर तीस वर्षांत एकदाही खेळले नाहीत हो. म्हणतात, खेळायला लागलो की गवत दिसेनासं होईल." मग त्याने विचारलं, "खोली झाली का तयार?"

मी हो म्हणून टाकलं आणि बाहेर येऊन घाईघाईने घरी फोन लावला. मागची खोली रिकामी करायला घे, म्हटलं, दादा येतोय. ही शांतपणे म्हणाली, "पाच आठवड्यांपूर्वीच केलीय, भावजींचं पत्र वाचलं त्याच दिवशी. रंगही दिलाय. तुम्ही माडीवर मागच्या बाजूला फिरकत नाही म्हणून दिसलं नाही. कायमचे येताहेत ना? की तिथेही कंजूषपणा केलात?"

कायमचा ये, दादा. एक-दोन महिन्यांचं बोलू नकोस.

हे पत्र स्टार्टर संध्याकाळी तुला देईल. लगेच इकडे येऊ नकोस, मला अजून तोंड दाखवायचा धीर नाही. उद्या सकाळी ये. कामाच्याच बुटांवर ये. माझ्या काठ्या दोघांना पुरतील. ते बहीणभाऊही असतील, आणि इतर लोकही. तिथे कुणी तुला विचारलं, हा कोण, तर तुझ्या मनात येईल ते सांग. ओळखत नाही म्हणालास तरी चालेल. तू जे सांगशील त्याला मी मान डोलवीन.

तुझा सख्खा,
धाकटा