सोबत जेंट्स कोणी आहे का

९ जानेवारी, शुक्रवार

आयसीयूच्या बाहेर बसून लिहून राहिली आहे. शाळेची डायरी पर्समध्ये होती, तीच. खुर्ची लोखंडाची, पाठ गारठली.

हे आत आहेत. जिवंत आहेत. एवढं आधी लिहून टाकते.

काल सकाळी आंघोळ करून पलंगावर टेकले आणि ऐन थंडीत दरदरून घाम. म्हणे गॅस आहे, ओवा दे. ओवा गेला चुलीत. शेजारच्या शर्माजींना हाक मारली, त्यांच्या गाडीत घातलं, चेरीतालच्या घरून मदन महलच्या हॉस्पिटलपर्यंत ह्यांचं डोकं मांडीवर धरून आणलं. इमर्जन्सीत लगेच घेतलं, खोटं काहून बोलू. ईसीजी झाला. डॉक्टर म्हणजे पोरगाच, आमच्या लेकीएवढा, मिनूएवढा असेल, पण समजावलं नीट. "आंटी, अटैक है. नस में थक्का है, घोलने का इंजेक्शन देना है, अभी. जितनी देर, उतना हार्ट ख़राब. ब्लीडिंग का थोड़ा रिस्क रहता है, इसलिए साइन चाहिए." गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. मी म्हटलं, लाओ. पेन घेतलं हातात.

आणि तो माझ्या खांद्यावरून मागे पाहतो. "कोई जेंट्स हैं साथ में?"

"मैं पत्नी हूँ."

"वो तो ठीक है आंटी. फिर भी. बाद में घरवाले आकर झगड़ा करते हैं."

पेन घेतलं परत. शाळेत पोरींच्या टीसीवर माझी सही चालते. नवऱ्याच्या छातीसाठी चालत नाही. शर्माजी गाडी लावायला गेलेले, आणि तसेही ते परके. मग भासऱ्यांना, ह्यांच्या थोरल्या भावाला, फोन. ते खमरियाला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. फॅक्टरीतून रिटायर झाले तरी क्वार्टरजवळच घर बांधलं.

ट्रेमध्ये इंजेक्शन काढून ठेवलेलं. मी त्याच्याकडे पाहत उभी. ह्यांना कोणी काही विचारलंच नाही. शुद्धीत होते, डोळे उघडे होते.

भासरे आले. कानटोपी, मफलर, सगळं बांधून. आले की नाही, डॉक्टरला हात दाखवून म्हणतात, "रुकिए. हम ज़रा अपने डॉक्टर से पूछ लें." आपला डॉक्टर म्हणजे नागपूरचा पद्माकर, त्यांच्या साडूचा जावई. फोन लागेना. परत लावला. परत. शेवटी लागला तर तो पद्माकर ओरडला, मला बाजूला उभं राहून ऐकू आलं, "काका, मला काय विचारून राहिले, मी स्किनचा आहे. द्यायला लावा आधी."

मग भासऱ्यांनी मान हलवली. सही केली. किती वेळ गेला ते लिहीत नाही. लिहिलं तर हातातलं पेन मोडेल.


१० जानेवारी, शनि.

इको झाला. मोठे डॉक्टर राउंडवर म्हणाले, हार्ट की पंपिंग कम हो गई है. मी विचारलं, इंजेक्शन लवकर मिळालं असतं तर? माझ्याकडे न पाहता भासऱ्यांना उत्तर दिलं. "देखिए, जो होना था हो गया." प्रश्न मी विचारला होता.

भेटायला येणाऱ्यांना भासरे कॉरिडॉरमध्ये उभं करून सांगतात. "मी म्हटलं, घाई नाही करायची. पद्माकरला विचारलं, त्याने ओके दिलं, मगच टोचू दिलं." लोक माना डोलावतात. कुणी म्हणतं, दादा होते म्हणून. मी थर्मासचं झाकण लावते, काढते.

मिनूचा फोन, बंगळूरहून. मी मराठीत बोलते, ती हिंदीत. "आई, ताऊजी हैं ना वहाँ? फिर टेंशन मत लो." ठेवून दिला फोन.


१२ जानेवारी, सोम.

पुन्हा तेच. मोठे डॉक्टर म्हणतात, अँजिओग्राफी इथेच करून घ्या, ब्लॉक असेल तर स्टेंट टाकू, उशीर नको. भासरे म्हणतात, नागपूरला करू. सगळे नागपूरलाच करतात. इथे काय आहे. पद्माकर चांगल्या हार्टवाल्याची ओळख काढून देईल.

मी म्हटलं, दादा, इथे मशीन आहे, डॉक्टर आहे, पेशंट इथे आहे. सिवनीच्या रस्त्याने एवढ्या लांब नागपूरला ह्यांना काहून न्यायचं?

"सुनबाई, तू घाबरलेली आहेस." एवढंच. मग वळून बाकी लोकांशी बोलायला लागले.

घाबरलेली आहेच. त्याचा काय संबंध?


१४ जानेवारी, बुध. संक्रांत

हॉस्पिटलातून सुटी मिळाली. घरी आणलं. कागदावर लिहिलंय, सल्ला दिला होता, नातेवाईकांनी अँजिओग्राफी पुढे ढकलली. नातेवाईक म्हणे. खाली सही भासऱ्यांची. २७ला नागपूरला जायचं ठरलं, गाडी त्यांनीच ठरवली.

संध्याकाळी भासरे आले तर तिळगूळ द्यावाच लागला. "गोड बोला," म्हटलं मी, तोंड कडूजहर. तेच शब्द त्यांनी मला परत दिले आणि वर वडी मागितली आणखी एक, की यंदा छान खुसखुशीत झाली आहे. बाजारची होती. मला वेळ कुठे होता करायला.

हे तक्क्याला टेकून हसले. दादा आले की ह्यांचा चेहराच बदलतो. माझ्यासमोर कण्हतात, दादांसमोर ताठ.


१८ जानेवारी, रवि.

जाऊबाईंकडे हळदीकुंकू, खमरियाला. जायचं नव्हतं. हे म्हणाले, जा, बरं दिसत नाही. शर्माजींना ह्यांच्याजवळ बसवून गेले.

वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. जाऊबाईंनी मला मधोमध बसवलं, सगळ्यांना दाखवायला. कपाळावर कुंकू लावता लावता म्हणतात, "हे कुंकू आमच्या ह्यांनी वाचवलं बरं. अगदी वेळेवर पोचले." बायका चुकचुकल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी म्हटलं, "वेळेवर मी पोचवलं होतं. त्यानंतर जो वेळ गेला तो तुमच्या ह्यांनी घालवला."

तिथे जी शांतता झाली, ती आवडली मला. खरंच आवडली. जाऊबाईंच्या हातातला करंडा तसाच. मग म्हणाल्या, चहा घे. मी घेतला. पूर्ण प्यायले, बशी ठेवली, वाट्या उचलल्या आणि आले निघून. कोणी सोडायला आलं नाही.


१९ जानेवारी, सोम.

बातमी माझ्या आधी पोचली होती. शाळेतून आले तर हे भिंतीकडे तोंड करून. गोळ्या घेतल्या नव्हत्या. "माझ्या दादाला तू बायकांमध्ये बोललीस."

हो, बोलले.

"बाबा गेले तेव्हा दादा मॅट्रिक. शिक्षण सोडून फॅक्टरीत लागला. मी शिकलो त्याच्या पगारावर. तुला माहीत आहे न?"

माहीत आहे. लग्नापासून ऐकून राहिली आहे. मीही पाया पडते दर दिवाळीला, मनापासून पडत होते. पण म्हणून काय त्यांना ह्यांचा जीवही देऊन टाकायचा? पण हे मी मनातच म्हटलं. गोळ्या पुढे केल्या. घेतल्या एकदाच्या.


२० जानेवारी

एक गोष्ट ९ तारखेला लिहिली नाही. लिहवली नाही.

ह्यांना कोणी विचारलं नाही, हे खरं. पण हे आपणहून बोलले होते. पेन माझ्या हातात असताना, स्ट्रेचरवरून, हळूच. "दादाला येऊ दे."

त्या पोरगेल्या डॉक्टरला मराठी कुठे कळते. तो आपला माझ्या मागे कोणी पुरुष दिसतो का ते शोधत होता. त्याच्याशी मी भांडले असते. इमर्जन्सी डोक्यावर घेतली असती, मला येतं ते. पण मला ऐकू आलं होतं. छातीवर एवढा धोंडा घेऊन माणूस पडलेला, बायको उशाशी, आणि त्याला वाटतं मी पुरेशी नाही. माझं भांडण तिथेच संपलं.

म्हणजे राग भासऱ्यांचा नाहीच. त्यांचाही आहे. पण खरा राग ज्याचा आहे त्याला रोज मीच मऊ भात कालवून देते, बिनमिठाचा, आणि तो म्हणतो चव नाही.


२२ जानेवारी, गुरु.

हे जिना चढून आले तर धाप. दोनदा थांबले मधे. म्हटलं, चला, दाखवून येऊ. "२७ला जायचंच आहे न नागपूरला. दादाने सगळं ठरवलं आहे." पद्माकरशी मी स्वतः बोलले, भासऱ्यांना न सांगता. बिचारा म्हणाला, "काकू, माझ्यासाठी थांबू नका हो. मी त्यांना तेच सांगून राहिलो, ते ऐकत नाहीत."

रात्री ह्यांना सांगितलं. म्हणाले, "त्याला काय कळतं, तो स्किनचा."

आता बाप्पा काय बोलावं. हसायलाच आलं. हेही हसले. मग मी दिवा मालवला.


२५ जानेवारी, रवि. रथसप्तमी

पुन्हा तीच खुर्ची. तेच लोखंड.

सकाळी अंगणात सूर्य काढला रांगोळीचा. गोवऱ्या पेटवून बोळकं ठेवलं होतं, दूध उतू जायची वाट बघून राहिली होती. आतून हाक आली. हाक पण नाही, नुसता आवाज. परत तोच घाम. ह्या वेळेस ओवा मागितला नाही.

शर्माजींच्या गाडीत म्हणाले, "दादाला फोन कर." मी म्हटलं, हो. पर्स मांडीवर होती. उघडली नाही.

इमर्जन्सीत तोच पोरगा. ओळखलं त्याने. ईसीजी, मग मोठ्या डॉक्टरांना फोन, मग लगबग. अँजिओ आत्ताच करायला पाहिजे, ब्लॉक असेल तर लगेच स्टेंट. "आंटी, साइन..." आणि सवयीने नजर माझ्या खांद्यावरून मागे.

मी म्हटलं, "पीछे मत देखो बेटा. पीछे कोई नहीं है. मैं हूँ. झगड़ा करने वाली भी मैं ही हूँ."

दिला कागद. दिलं पेन. शर्माजी दारात उभे होते, ते मुद्दाम दुसरीकडे पाहू लागले, देव भलं करो त्यांचं. केली सही. पूर्ण नाव, टीसीवर करते तशी.

स्ट्रेचर हलवलं. लिफ्टचं दार लागलं. तेव्हापासून इथे.

भासऱ्यांचा फोन वाजून राहिला आहे पर्समध्ये. शर्मीणबाईंनी सांगितलं असेल. थांबतो, परत वाजतो. येतीलच मफलर बांधून. येऊ देत. आता थांबवायला काही उरलं नाही.

दूध उतू गेलं असेल. अंगणात कोणी नव्हतं पाहायला.

सही करत होते तेव्हा ह्यांनी माझा पदर ओढला होता. दोनदा. तोंड उघडलं होतं, काही तरी म्हणायचं होतं. मी पाहिलं नाही त्यांच्याकडे. कागदावरून नजर उचललीच नाही, न जाणो काय ऐकू येईल. ह्यांना ह्याही वेळेस कोणी विचारलं नाही. मीसुद्धा.

बाहेर आले की विचारीन, काय म्हणणार होते.