तुझ्या मापाचे बूट

आई,

आज मी तुझ्यावर फार चिडले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत. तुझा एक शब्द आज दिवसभर माझ्या आडवा येत होता आणि तो शब्द घरात आणला तूच. ‘जमतंय.’ काहीही विचारलं की तुझं हेच उत्तर असायचं.

मी काय काम करते ते तुला कळायच्या आतच तू गेलीस. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी गमबूट डिझाइन करते. एवढं शिकून शेवटी बूटच ना, असं तू म्हणाली असतीस आणि मग शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगितलंही असतंस. कामगारांचे बूट, पाणी आत न शिरणारे, बोटांवर स्टीलची टोपी असलेले. धातूच्या नकली पायावर अस्तराचा मोजा चढवायचा, भोवती साचा बंद करायचा, आत वितळलेलं पीव्हीसी सोडायचं आणि साचा उघडला की गरम बूट ओढून काढायचा. नंतर त्यात हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवतात. बुडबुडा आला तर बूट बाद. माझे बूट सहसा बाद होत नाहीत. पण तो धातूचा पाय आहे ना, तो पुरुषाचा आहे. लहान नंबर काढला तरी तो लहान केलेला पुरुषाचाच पाय. बाईची टाच अरुंद असते, ती त्यात वरखाली होते. तळवा जिथे वाकतो तिथे बूट वाकत नाही आणि बोटं त्या स्टीलच्या टोपीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणजे वरून काही पडलं तर टोपी शाबूत आणि बोटांचा चुरा. मला बायकांच्या पायाचा वेगळा साचा हवा आहे. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती वर्षानुवर्षं पालथ्या घड्यावर पाणी झाली आहे.

हे वेड मला कुठून लागलं ते तुला वेगळं सांगायला नको. बुवापाड्याच्या आपल्या खोलीतली ती मोरी. तू रंगाच्या कारखान्यातून येतेस, चहाचं आधण ठेवतेस आणि मोरीच्या कट्ट्यावर बसून वजरीने पाय घासायला लागतेस. पाणी जांभळं होऊन वाहतं. पिंपं धुण्याचं तुझं काम. कारखान्याने दिलेले बूट बाप्यांचे, त्यांची तोंडं तुझ्या पोटऱ्यांना इतकी सैल की रंगाचं पाणी वरूनच आत जायचं आणि दिवसभर आतच राहायचं. पुढे तू चिंध्या कोंबायचीस, त्याही भिजायच्या. लिंबाच्या साली चोळून झाल्या, रॉकेल लावून झालं, रंग काही जाईना. लग्नाकार्यात तू पाय साडीखाली ओढून बसायचीस आणि जेवणाच्या पंगतीला सगळ्यात शेवटी उठायचीस. मला तेव्हा तुझी लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

एकदा मी डबा द्यायला गेटवर आले होते. तुमचा सुपरवायझर तिथेच उभा होता. मी त्याला धीटपणे म्हणाले, “काका, आईचे बूट तिला मोठे होतात.” तो भला माणूस होता गं. त्याने लगेच तुला हाक मारून विचारलं, “काय ओ मावशी, बूट मोठे होतात का?” आणि तू पदर सारखा करत हसलीस. “नाय साहेब, जमतंय की. पोरगी आहे, काहीतरी बोलते.” घरी आल्यावर माझा दंड धरून म्हणालीस, “घरचं गाऱ्हाणं चारचौघांत सांगायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.” बूट कारखान्याचे होते, आई. ते घरचं गाऱ्हाणं कसं झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे त्याच बुटांत तुझा पाय आतल्या आत मुरगळला आणि तू ओल्या फरशीवर आपटलीस. सगळ्यांना काय सांगितलंस? “माझाच पाय वाकडा पडला.” त्यानंतर तू कायमची लंगडत चाललीस आणि ज्याने विचारलं त्याला हेच सांगत राहिलीस. बुटाचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर काय झालं असतं? काम गेलं असतं, हे तुझं उत्तर मला माहीत आहे. खरंही असेल. पण मला राग यायचा तो येतोच.

आणि कारखान्यापेक्षा तू तरी काय वेगळं केलंस? शाळा सुरू व्हायच्या आधी तू खराट्याची हीर माझ्या पावलाखाली धरायचीस, अंगठ्यापाशी मोडायचीस, मग थांबून म्हणायचीस, “वाढतं अंग आहे,” आणि बोटभर जास्तीची नवी हीर मोडून घ्यायचीस. ती पिशवीत टाकून उल्हासनगरच्या बाजारात जायचीस आणि बूट घेऊन यायचीस. काळे, चकचकीत, पुढे कापूस कोंबलेले. मी त्यांना रात्री उशाशी घेऊन झोपायची. ते मापाचे होईपर्यंत फाटलेले असायचे. मला वाटायचं, बूट म्हणजे असेच असतात.

गेल्या आठवड्यात बदलापूरच्या एका कारखान्यात मी आमचे बूट पायात घालून बघायला दिले होते. तिथे बारवीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायका काम करतात. कपडे बदलायच्या खोलीत त्या माझ्याशी मोकळेपणी बोलल्या. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्याच वयाची एक होती, तिने बूट काढून पाय दाखवला, घोट्याची सालटी निघालेली. “बाय, मना तं आतमंदी पाय फिरतो. जिना उतरताना भ्याव वाटतं.” मी म्हटलं, हेच साहेबांसमोर बोला, माझ्यासाठी बोला. तिने मान डोलावली. आज आमचे शेठ स्वतः तिथे आले, अदबीने विचारलं, “मावशी, बूट कैसा है? तकलीफ काय?” आणि ती पदर सारखा करत हसली. “नाय शेट, जमतंय.” मला तिथल्या तिथे रडू आलं. तिच्यापाठोपाठ बाकीच्याही तेच म्हणाल्या.

परतताना गाडीत शेठ म्हणाले, “देखो मॅडम, मी तुमचं ऐकलं ना? लेडीज लोकांची कम्प्लेंटच नाही. कम्प्लेंट नाही तो नया साचा कशाला? आत जाड गादी टाका, बाहेरून गुलाबी पट्टी मारा, लेडीज बूट तयार.” गुलाबी पट्टी! तिचा सोललेला घोटा माझ्या डोळ्यांसमोर होता. टाच, तळवा, स्टीलची टोपी, सगळं मला तोंडपाठ होतं. तुझ्या जांभळ्या पावलांची गोष्टही सांगायची, असं ठरवून गेले होते.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. कात्रपच्या या घरात तुझा एक फोटो आहे, त्यात तुझे पाय आलेले नाहीत. तुझ्या पावलाचं माप मी कधी घेतलं नाही, आणि तुझ्या चपला तर तू गेलीस तेव्हाच आम्ही देऊन टाकल्या. बायकांचा साचा झालाच, तर तो कुणाच्या पायावरून करायचा हे मी मनात केव्हाच ठरवलं होतं.

एक मात्र लिहायचं टाळत होते. गुलाबी पट्टीचं बोलून झाल्यावर शेठ मागे वळून म्हणाले, “जमेल ना, मॅडम?”

मी ओढणी सारखी केली आणि हसून म्हणाले, “जमेल, सर.”