कडा कापलेलं तळं

आई, आधी पाया पडतो, मग भांडतो. 'तू कुठंच टिकत नाहीस' हे ताईकडून पुन्हा लिहवून घेतलंस ना? मग ऐक.

मी आता जुन्या चित्रांना चौकटी लावणाऱ्या दुकानात आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेली तळी आणि डोंगर. नुसत्या काळ्या रेघा, पण पाणी हलतंय असं वाटतं.

परवा एक तळं चौकटीत मावेना, म्हणून मी चारी बाजूंचा कोरा कागद कापून टाकला. मालक डोकं धरून खालीच बसले. त्या कोऱ्या कडेवर पत्र्याचा दाब उमटलेला असतो आणि चित्र अस्सल आहे का हे कळायला गिऱ्हाईक आधी तोच बघतं म्हणे. "अरे शहाण्या, चित्राचं नाकच कापलंस!"

मी चप्पल पायात घातली होती, खोटं कशाला सांगू. मग तुझं बोलणं आठवलं आणि परत काढून ठेवली. मालक म्हणाले, "थांबलास ना? मग आता नीट कापायला शीक."

बोटाला जरा लागलंय, काळजी नको. तुझा खोकला कसा आहे? डॉक्टरकडे खरंच गेलीस, की ताईला नुसतंच हो म्हणालीस?

ते तळं मीच चौकट करून पाठवतोय. काठावर एक बारीकसा माणूस उभा आहे, बघ. इतका मोठा डोंगर समोर असून हलत नाही.

तुझा, अजून तिथंच असलेला,
धाकटा

ता. क. तळ्याचे पैसे पगारातून कापलेत. रागावू नकोस, या महिन्याला दोन हजारांऐवजी आठशेच पाठवतोय.