धक्क्याखालचं बोलणं

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा. या नदीकाठच्या लॉजचा मी नवा व्यवस्थापक. चहूबाजूंनी जंगल, रस्ता नाही, येणंजाणं फक्त होडीने, समोरच्या लाकडी धक्क्यावरून. हाताखाली एकच माणूस, नावाडी. स्वयंपाकही तोच करतो. खोल्यांत नव्या मच्छरदाण्या, व्हरांड्यात गळाच्या काठ्या ओळीने टांगलेल्या. जिवाला बरं वाटलं. पहिले पाहुणे घरचेच: शनिवारी दादा आणि त्याची मुलगी चिमणी मासे पकडायला येणार. तिच्यासाठी लाल काठी बाजूला काढून ठेवली. पोरीच्या गळाला एक तरी मासा लागलाच पाहिजे.

नावाडी पाण्याजवळ तोंड उघडत नाही. काही सांगायचं तर पत्र्याचा डबा वाजवतो: हळू म्हणजे या, जोरात म्हणजे लांब राहा. मलाही म्हणाला, साहेब, धक्क्यावर बोलू नका, नदी ऐकते. म्हटलं, ऐकू दे, तेवढीच तिची करमणूक.

५ तारीख, बुधवार
लॉजचा वायरलेस खोलीत नुसता खरखरतो, धक्क्यावर स्वच्छ लागतो. म्हणून तिथूनच नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या दादाशी बेत ठरवतो; त्याच्याकडेही एक संच आहे. ठरवतो कसला, डोकेफोड करतो. मी म्हणतो, नावाडी आणायला येईल; हा म्हणतो, होडी मीच चालवीन. मी म्हणतो, धक्क्यालगत उथळ पाण्यात गळ टाकू. याला खालच्या वळणावरचा डोहच हवा. तिथे भोवरे आहेत आणि सोबत लेकरू आहे, हे त्याच्या टाळक्यात शिरत नाही. वर मलाच ऐकवतो, तुझं नेहमीचंच रडगाणं. लहानपणापासून हेच एक वाक्य ऐकत आलोय.

६ तारीख, गुरुवार
पुन्हा तेच. तळपायाची आग मस्तकात गेली. डोहाकडे वळलास तर तुझं तोंड बघणार नाही, असं ओरडलो आणि वायरलेस नदीत भिरकावला. बुडाला. चूक झाली, कळतंय, पण राग काही उतरत नाही. उद्या नावाड्याला निरोप घेऊन पाठवतो.

७ तारीख, शुक्रवार, सकाळ
धक्क्याखाली कोणीतरी बोलतंय. माझ्या आवाजात. दादाला सांगतंय, तुझंच बरोबर होतं, डोहाकडेच ये, मी तिथे वाट बघतो. मग बुडालेल्या वायरलेसची खरखर आणि दादाचं हसू. म्हणाला, अक्कल आली म्हणायची.
मी दादाशी इतकं गोड जन्मात बोललेलो नाही. गाढवाला एवढंही कळू नये?

दुपार
पाण्यावर ओणवा होऊन ओरडतोय, येऊ नकोस म्हणून. घसा पार बसला. निरोप द्यायला जातो म्हणून नावाडी होडी घेऊन निघाला, पण गेला नदीच्या वरच्या अंगाला. दादा खालून येणार आहे. पळपुटा. डबा तेवढा मागे ठेवून गेला.

८ तारीख, शनिवार
होडी दिसतेय, वळणावर. चिमणी पुढे बसलीय, टोपी हलवतेय. मी जिवाच्या आकांताने डबा बडवला — दादाने हसून हात केला. डब्याची खूण त्याला कधी सांगितलीच नाही. भांडण्यातून फुरसत कुठे होती —

माझ्या घशातून आवाज फुटत नाही. खालून फुटतोय. चिमणे, इकडे ये, काकाकडे ये —
तिचं नाव घेऊ नकोस. हरामखोरा, तिचं नाव —

होडी डोहात रिकामी फिरतेय.

संध्याकाळ
कोयता घेतलाय. उतरणार आहे. माझा आवाज घेतलास तो घेतलास, माझी माणसं —
आता खाली दादा बोलतोय. तुझं नेहमीचंच रडगाणं. अगदी तस्सा —

आणि ती. काका, माझी लाल काठी कुठाय, विचारतेय. फळ्यांच्या फटीतून बोटं — लहान, ओली — कोयता खाली ठेवला — काठी तिच्या हातात —