आखूड तलवार

८ सप्टेंबर १९९६

तलवार आली! मागवणारा जुलैतच गेला आणि वस्तू आज दारात.

कुंडलिक सर घेऊन आले. मल्हारच्याच शाळेत चित्रकला शिकवतात. इंदापूरला बहिणीकडे गेले होते, तिथल्या हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारानं बोलावून हातात दिली म्हणे. पोत्यात गुंडाळलेली. सर दारातच घुटमळत होते – आता ही रडते की काय, हे तोंडावर स्पष्ट. मी पोतं घेतलं, चहा टाकला. साखर दोनदा पडली असावी, त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला.

मल्हार. तोंडानं हे नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. इथं लिहिते.

काही वाटलं नाही. लिहून ठेवते, कारण जो येतो तो विचारतो, कसं वाटतंय. काहीच वाटत नाही. मशीन चालतं, ब्लाऊज होतात. गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलतात आणि शिलाईत घासाघीस करत नाहीत, एवढाच फरक.

९ सप्टेंबर

पोतं कपाटावर टाकलं. वरणात मीठ विसरले. मामांनी तसंच खाल्लं.

१२ सप्टेंबर

आत्याबाई विचारत होत्या, आमच्या पोराचं ते चिनी खूळ अजून घरात कशाला.

खूळच. दाढेतून निघालेलं! तीन वर्षांमागं दाढ काढायला पुण्याला गेला. दाताचे डॉक्टर म्हातारे चिनी, सकाळी दवाखान्याच्या गच्चीवर ताई-ची करायचे. दाढ काढून माणूस घरी येतो, हा गच्चीवर जाऊन बसला. मग रविवारची पुण्याची एसटी ठरलेली. पीटीचा मास्तर, जन्मभर शिट्ट्या मारून पोरांना पळवलं, आणि अंगणात हा पाण्यात चालल्यासारखा हळूहळू हात फिरवायला लागला. जळोचीतल्या बायका मापं द्यायला आल्या की आधी त्याला बघत बसायच्या. मामा म्हणायचे, पोरा, यापेक्षा आमची मेंढरं लवकर चालायची.

त्यात म्हणे तलवारही फिरवायची असते. आधी सागवानी तलवार केली. मग खरी हवी झाली. कशी निवडायची ते माझ्या मशीनशेजारी बसून सांगायचा. पातं वाकवून सोडलं की सरळ व्हायला हवं. मुठीच्या थोडं पुढं बोटावर धरली तर तोल राहावा. धार नको, तिथं कापायचं नसतंच काही. आणि माप ज्याचं त्याचं – हात खाली सोडून डाव्या मुठीत धरायची, पातं दंडामागून वर, टोक कानाच्या पाळीशी आलं की ती आपली.

मलाही शिक म्हणायचा. मशीनवर वाकून तुझे खांदे आखडलेत म्हणायचा. मी म्हणाले, दारात एक तमाशा आहे तो पुरे. मी ब्लाऊज शिवते, तलवार घेऊन काय करू!

१५ सप्टेंबर

आज पोतं सोडलं. आखूड आहे!

मल्हारचे शर्ट मी शिवले. त्याचा हात मला पाठ आहे, टेप लागत नाही. एवढा उंच माणूस, ही त्याच्या खांद्याच्या वर गेलीच नसती. शिकलगार चुकला. एक काम सांगून गेला माणूस, तेही धड झालं नाही. राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही. परत गुंडाळून ठेवली.

२२ सप्टेंबर

मामांनी विषय काढला. दसऱ्याला पुजायची, मग निरवांगीला भावकीच्या बिरोबापुढं मल्हारच्या नावानं द्यायची. मला विचारलं. मी द्या म्हणाले. मामांनी पुन्हा विचारलं. बहुतेक नको म्हणेन असं वाटलं असावं.

आत्याबाई लगेच मुठीला गोंडा करायला बसल्या. मेंढरं विकून वर्षं झाली, पण जुनी लोकर गाडग्यात जपून ठेवलेली. चातीवर सूत काढताना डोळ्यांतून पाणी चाललेलं, हात थांबत नव्हता. किती सहज रडतात त्या. मला हेवा वाटला, तोही थोडाच.

३ ऑक्टोबर

बाहीचं माप घेत होते. ते गिऱ्हाईक म्हणालं, मास्तरांनी माझ्यासमोर उसावरून तुझी थट्टा केली होती, आठवतं का?

आठवतं. पणदऱ्याच्या शेतावरून ऊस घेऊन आला. मला मशीनवरून उठवलं, ऊस माझ्या हाताला लावून उभा धरला आणि वर कुठंतरी मोडला. मोडल्या टोकाला माझ्याच रिळाचा निळा दोरा बांधला. बाई खो-खो हसत होती. ऊस खायचा असतो का मोजायचा, म्हणून मी ओरडले. खायलाही दिला नाही, सायकलला बांधून घेऊन गेला. असली गंमत त्याची.

बाई आजही हसली.  मी बाही अर्धा इंच कमी लिहिली. उद्या परत बोलवायला हवं तिला.

११ ऑक्टोबर

काही नाही.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

यंदा घरात सण नाही. पण मामा म्हणाले, हत्याराला सुतक नसतं. घोंगडीवर कोयता, कुऱ्हाड, माझी कात्री आणि मधे ती. हळदीकुंकवाची ओली बोटं, झेंडू. मामांनी लिंबावर तलवार मारली. धारच नाही, लिंबू कापलं नाही, नुसतं चेपलं! रस सगळा पात्यावर. एरवी असतं तर मी पदर तोंडात धरून हसले असते. मल्हार तर लोळला असता.

पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही, ही आमच्यातली रीत. तशीच राहिली.

२१ ऑक्टोबर, दसरा

फुलं उचलली तर खाली पात्यावर काळे-तांबूस डाग. लिंबू आणि ओली हळद, रात्रभर. मामा खालीच बसले. "माझ्या हातानं खराब झाली गं," एवढंच म्हणाले.

डाग निघतील, मी म्हणाले. मशीनच्या तेलाची बाटली आणली. ही बाटली मल्हार सायकलच्या साखळीला नेहमी पळवायचा, तेव्हा दोन शब्द ऐकवायची मी. खोबरेल का नाही लावत? तर थंडीत थिजतं म्हणे. आधी कोरडं फडकं, मग चाळलेली राख, घासायचं ते लांबीच्या दिशेनं. मग तेलाचा हात, अगदी पातळ. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामानं गंजतं. आत्याबाईंचा गोंडा वर उचलून बांधला, लोकर ओल धरते. हे सगळं मला येतं हे मला माहीतच नव्हतं. तो सांगायचा तेव्हा मी तर काजं करत असायची.

डाग गेले. मुठीजवळ एक राहिला. दुपार कधी झाली कळलं नाही. जुलैपासून प्रत्येक दुपार मला कळली होती.

२४ ऑक्टोबर

मामा उद्या इंदापूरला जाणार. आखूड आहे असं मी बोलून गेले, म्हणून तलवारीला जोड देऊन लांब करून घेणार, तिथून परस्पर निरवांगी. म्हटलं, देव काय माप बघतो का. तर म्हणाले, "माझ्या पोराच्या नावानं द्यायची, तर माझ्या पोराच्या मापाची पायजे."

 मी पुन्हा तेलाचा हात दिला. कोरड्या धोतरात गुंडाळली, पोत्यात नाही. जाणाऱ्या वस्तूला कशाला एवढं, कळत नाही. रात्री जेवण गेलं नाही.

२५ ऑक्टोबर

मामा पहाटेच्या गाडीनं गेले. कपाटावर धुळीत लांबट रेघ राहिली होती. पुसली.

तेच, संध्याकाळी

मामा परत आले. निरवांगीला गेलेच नाहीत. तलवार तशीच, जोड नाही. शिकलगार जोड देईना. माप चुकलेलं नाही म्हणाला, मास्तरांनी स्वतः आणून दिलेलं, अजून भिंतीला टांगलंय. मामांनी ते माप आणून माझ्या मशीनवर ठेवलं.

वाळलेला ऊस. टोकाला माझा निळा दोरा.

"उभी ऱ्हा, पोरी," मामा म्हणाले. "तुजी हाय ती." आणि दाराकडं तोंड करून उभे राहिले.

हात खाली सोडला, मूठ डाव्या हातात घेतली. पातं दंडामागून वर. टोक कानाच्या पाळीला लागलं. गार.

आत्याबाई तव्यावरची भाकरी टाकून धावत आल्या, कोण रडतंय म्हणून. मी होते.